मी, बसस्थानकावरची मिरच्यावाली

मी कामेनदोलच्या बसस्थानकावरची मिरच्यावाली बोलतेय. पूर्वेकडच्या अख्ख्या भिंतीवर, जमिनीपासून छपरापर्यंत, मी उभी आहे. हातात लाल ढोबळ्या मिरच्यांची पेटी, डोक्याला रुमाल. माझं सगळं अंग रंगीत काचांच्या आणि दगडांच्या तुकड्यांचं. आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. ‘कला’ हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला की मला शिसारी येते. पन्नास वर्षं तो ऐकतेय. बोलणाऱ्यांपैकी एकानंही माझ्यावरची धूळ पुसलेली नाही.

माझा जन्म झाला तोच मुळी समितीच्या टेबलावर. राजधानीतून आलेल्या चित्रकारानं आमच्या गावच्या डबाबंद मिरच्यांच्या कारखान्यातली बाई काढली होती. पाळी संपवून निघालेली, खांदे उतरलेले, ओठ मिटलेले. पक्षाचे सचिव गावरिल यांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं.

“आपल्या कामगार बायका थकत नसतात, कॉम्रेड.”

“थकतात हो,” चित्रकार म्हणाला.

“कारखान्यात थकत असतील. चित्रात नाही थकत.”

झालं. चित्रकारानं माझं तोंड तीनदा बदललं. प्रत्येक वेळी समितीला हसू कमी पडायचं. शेवटी मला अकरा पांढरे दात आले आणि सगळ्यांचं समाधान झालं. वीस किलोंची पेटी छातीशी धरून दात काढणारी बाई तुम्ही कधी पाहिलीय? मी तरी नाही पाहिली. पण तीच मी आहे.

चित्रकार फक्त शनिवारी यायचा, लांबून बघायचा, सिगारेट ओढायचा आणि जायचा. मला घडवलं ते साव्वा गवंड्यानं. सात महिने तो परांचीवर उकिडवा बसून एकेक तुकडा हातोडीनं फोडायचा, ओल्या गिलाव्यात दाबायचा, अंगठ्यानं सारखा करायचा. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. त्याची नवी नवरी गिना कारखान्यातून दुपारी घेवड्याचं सूप घेऊन यायची आणि मान वर करून माझ्याकडे बघत उभी राहायची.

“काय रे, हिची दाढ दुखतेय का?”

“वरून हुकूम आहे. हसायचं.”

“त्या सचिवाला म्हणावं, एकदा पेटी उचलून हसून दाखव.”

“हळू बोल बाई! नोकरी घालवशील माझी.”

पण तो हसायचा. खरं हसू कसं असतं ते मी त्या परांचीवर पाहिलं.

उद्‌घाटनाला पितळी पाटीवर चित्रकाराचं नाव आलं, समितीचं आलं, कारखान्याचंही आलं. साव्वाचं नाव कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तो मागे गर्दीत उभा होता, धुतलेला सदरा घालून. सचिव पाऊण तास बोलले. कला जनतेची असते, असं ते नऊ वेळा म्हणाले. तेवढ्यात जनतेतला एक जण माझ्या कोपऱ्याशी जाऊन लघवी करून आला.

पुढे काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. वाहतूक खात्यानं माझ्या खांद्यात खिळे ठोकून घड्याळ लावलं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, खिळे अजून आहेत. शाळेची पोरं माझ्यासमोर उभी राहून श्रमाची महती पाठ म्हणायची आणि बाई वळल्या की माझ्या पायावर च्युइंगम चिकटवायची. मग राजवट पडली. त्याच गावरिल सचिवांनी, तसाच उजवा हात नाचवत, माझ्याच पुढ्यात भाषण ठोकलं की ही असली कला आपल्यावर लादली गेली होती. गंमत म्हणजे टाळ्यासुद्धा त्याच माणसांच्या होत्या. त्या रात्री कुणीतरी माझ्या झग्याच्या घेराला डांबर फासलं. मग गुडघ्यापाशी पैसे काढायचं यंत्र आलं, पोटावर मोबाइलची जाहिरात आली, आणि ती फाटल्यावर फुटबॉलवाल्या पोरांनी आपल्या संघाचं नाव फवारलं.

नंतर आले कॅमेरेवाले. “काय भयाण सुंदर आहे!” म्हणत रस्त्यात आडवे पडून फोटो काढायचे. एक प्राध्यापिका बाई आल्या, त्यांनी माझ्यावर मोठा लेख लिहिला. त्यात म्हणे, माझं हसू म्हणजे चित्रकारानं राजवटीविरुद्ध केलेला छुपा विद्रोह आहे. विद्रोह! अहो, अकरा दात मोजून लावलेत मला, हुकुमानं.

या सगळ्यात अकरा वर्षांपूर्वी साव्वा गेला. गिना आता म्हातारी झाली होती, स्थानकातल्या टपरीत बानित्सा म्हणजे चीज भरलेली गरम पोळी आणि बोझा नावाचं आंबटगोड पेय विकायची. ती एके सकाळी खळीचा डबा आणि ब्रश घेऊन आली आणि साव्वाच्या निधनाचा कागद तिनं माझ्या पायाशी चिकटवला. काळी चौकट, फोटो, नाव, दोन ओळी. आमच्याकडे माणूस गेलं की असे कागद दारावर, खांबावर, थांब्यावर लावतात. मग चाळिसाव्या दिवशी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि मग दर वर्षी. लावलेला कागद कुणी काढत नाही. तो पावसानं गळायचा, वाऱ्यानं उडायचा, पण माणसाच्या हातानं निघायचा नाही. मेलेल्याला दुसऱ्यांदा हाकलू नये, असं सगळे मानतात. स्वतःला नास्तिक म्हणवणारेही मानतात.

गिनानं लावला म्हणून शेजारणीनं लावला, तिनं लावला म्हणून पोस्टमननं. दोन वर्षांत माझा घेर निधनाच्या कागदांनी भरून गेला. मला आवडलं म्हणता? मुळीच नाही. खळ आंबली की वास मारते, गोगलगायी चाटायला येतात. पण निदान हे लोक मला काही शिकवत नव्हते. कागद लावायचे, फोटोवरून हात फिरवायचे आणि बस पकडायचे.

मागच्या वसंतात नगराध्यक्ष तिहोमीर, म्हणजे त्याच गावरिल सचिवांचे चिरंजीव, स्थानकात सभा घ्यायला आले. युरोपातून निधी मिळाला होता. इमारतीला चारी बाजूंनी थर्माकोलच्या जाड लाद्या लावायच्या, ड्रिलनं भोकं पाडून खिळवायच्या, वरून रंग द्यायचा. हिवाळ्यात आत ऊब राहील. काम सप्टेंबरअखेर व्हायलाच हवं, नाहीतर निधी परत.

“आणि ही?” गिनानं माझ्याकडे बोट केलं.

“हिच्यावरूनच जाईल की, गिनामावशी. वर आपण छान मोठा पक्षी रंगवून घेऊ. आजकालची कला!”

“पक्षी तुझ्या घरावर रंगव. भोकं पाडलीत तर ही राहील का?”

“मावशी, ही काही खऱ्या अर्थानं कला नाही. तज्ज्ञांचं पत्र आलंय. कलात्मक मूल्य निश्चित करता येत नाही, असं लिहिलंय त्यांनी.”

“कलाबिला गेली चुलीत!” गिना ओरडली. “माझ्या घरी माझ्या नवऱ्याचं काय उरलंय? एक टोपी आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. त्याचे हात इथे आहेत, या भिंतीत. सात महिन्यांचे. त्यांना भोकं पाडणार तू?”

 अंग काढून घेण्यात कामेनदोलचा हात कुणी धरणार नाही. कुणाची तरी बस लागली, कुणाला तरी फोन आला. मला त्या क्षणी या गावाचा जितका वीट आला तितका डांबर फासलं तेव्हाही आला नव्हता.

गिनानं अर्ज केले. प्राध्यापिका बाईंना फोन केला. त्या परदेशात माझ्यावरच व्याख्यान द्यायला गेल्या होत्या. जुलै संपला, परांची उभी राहिली. पश्चिमेची भिंत झाकली, उत्तरेची झाकली. मुकादम इल्चो माझ्यापाशी आला, खालचे कागद पाहिले आणि डोकं खाजवत म्हणाला, “हे आधी ज्याचे त्यानं काढून न्यावेत बुवा. मी हात लावणार नाही.”

गिना बाकावर बसून ऐकत होती. मी तिचा चेहरा पाहिला. तिला तिथेच सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गल्लोगल्ली हिंडली. “तुझ्या आईचा कागद उरलाय ना घरी?” समोरचा, आमच्याकडे होकाराला हलवतात तशी, मान आडवी हलवून हो म्हणायचा. “मग आण. आणि नसेल तर नवा छापून घे. वीस वर्षांपूर्वी गेली असली तरी चालेल.” लोक आणत गेले. माझ्यासाठी बोटही न उचलणारं गाव आपापली मेलेली माणसं घेऊन रांगेत उभं राहिलं. आजोबा आले, सासवा आल्या, खाणीत गेलेले तिघे भाऊ आले, सहा वर्षांची एक पोरगी आली, डोक्याला रिबीन बांधलेली. गिना इल्चोच्याच परांचीवर चढून, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कागद लावत सुटली. पेटी झाकली, छाती झाकली, खांदे झाकले. शेवटचे कागद तिनं माझ्या तोंडावर आणि डोळ्यांवर लावले. खळीचा थंडगार ब्रश माझ्या दातांवरून फिरला तेव्हा मी मनातल्या मनात तिलाही शिव्या घातल्या.

तिहोमीर धावत आले. “इल्चो, भोकं पाड!”

“यांच्यातून?”

“कागद आहेत ते!”

“साहेब, त्या तिथे वर तुमचे वडील आहेत,” इल्चो म्हणाला.

खरंच होते. गावरिल सचिव, काळ्या चौकटीत, माझ्या कपाळावर. तो कागद तिहोमीरच्या आईनं स्वतः आणून दिला होता. नगराध्यक्षांनी वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. कामगारांनी छातीवर क्रूसाची खूण केली, ड्रिल मशीनं गुंडाळली. सप्टेंबर संपला. तीन भिंतींना थर्माकोल लागलं, नवं छप्पर चढलं, आणि मी तशीच राहिले.

वाचले खरी. कला म्हणून नाही, आठवण म्हणून नाही, साव्वाची मेहनत म्हणून तर नाहीच. सूचनाफलक म्हणून वाचले.

महिन्याभरानं गिना कोमट पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिला मला बघायचं होतं. निदान हाताएवढं, साव्वाच्या अंगठ्याखालचं काहीतरी. तिनं एका कागदाची कड नखानं उचलली. रिबीनवाली पोरगी होती ती. गिनानं कड पुन्हा दाबून बसवली. शेजारचा कागद पाहिला, त्याच्या शेजारचा पाहिला. एकालाही तिचा हात लागेना. पाऊस तरी ते काम करेल म्हणावं, तर नव्या छपराची वळचण इतकी पुढे आलीय की माझ्यावर थेंब पडत नाही.

तेव्हापासून ती रोज टपरी उघडायच्या आधी माझ्यापाशी येते आणि भिंतीला तळवा टेकवते. तुम्ही कधी कामेनदोलला उतरलात तर मला शोधू नका, फोटो काढू नका, मी काय सांगतेय यावर चर्चा तर अजिबात करू नका. तिच्याकडून एक गरम बानित्सा घ्या आणि खा. या पन्नास वर्षांत मला सगळ्यांनी ऐकवलं की मी कोण आहे. ती एकटीच कागदाला कान लावून विचारते, “आहेस ना गं?”

आहे गं बाई. आहे.