दाराआडचं ग्रहण

मी एक जुनं वेल्डिंगचं हेल्मेट आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. तळवड्यातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी खिळ्याला टांगलेलं असतं. एका बाजूला कपड्यांच्या चिमट्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला लसणाची माळ. माझ्या तोंडावर एक छोटी चौकोनी खिडकी आहे आणि तिच्यात अकरा नंबरची काळी काच. त्या काचेचा मला फार तोरा होता. तो कसा उतरला आणि तरीही आज मी कसं खुशीत आहे, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा जन्म झाला तो दौलतरावांनी मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं तेव्हा. तळवड्याच्या शेतकरी घरातला हा तरुण सायकलवरून भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला जायचा. फाटकं, जिने, शेडचे सांगाडे, काय काय आम्ही दोघांनी जोडलं! त्यांच्या डोळ्यांपुढे लखलखाट व्हायचा आणि तो मी माझ्या काचेवर झेलायचं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर मलाही झेंडूची माळ मिळायची. मालक म्हणायचे, "दौलतरावाचा टाका म्हणजे दगडावरची रेघ!" ती शाबासकी निम्मी माझी आहे असं समजून मी फुगून बसायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मोठं काम असलं की दौलतराव मला घालायचे. पण टॅक मारायचा असला की मी बाकावरच पडून राहायचं. टॅक म्हणजे दोन पत्रे जागेवर धरून ठेवायला मारलेला इवलासा टाका. "एवढ्याशासाठी कोण घालतंय?" असं म्हणत ते मान फिरवून, डोळे मिचकावून काम उरकायचे. दिवसातून कितीतरी वेळा! संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग व्हायची. मग त्यांच्या बायको सुभद्राबाई कच्च्या बटाट्याच्या चकत्या त्यांच्या डोळ्यांवर ठेवायच्या आणि वर फणकारायच्या, "तुमच्या डोळ्यांपायी घरात भाजीला बटाटा उरत न्हाई!" बटाट्याने आग निवायची. सवय तशीच राहायची.

मग ऐंशी साल उजाडलं. फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ते पूर्ण दिसणार नव्हतं, पण लोकांनी भीतीने दारं लावून घेतली होती. सुभद्राबाईंना ग्रहण बघायची भारी हौस. पण त्या तेव्हा पोटुशा होत्या. सासूबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, "हलू नगंस, काही चिरू नगंस," असं बजावलं आणि बाहेरून कडी घातली.

दौलतराव मला घेऊन अंगणात उभे राहिले. माझ्या काचेतून वर बघायचे आणि दाराकडे तोंड करून ओरडायचे.

"सुभद्रे, भाकरीचा तुकडा मोडल्यावानी दिसतोय गं!"

आतून आवाज यायचा, "मग पुढं?"

"उजेड पिवळा पडलाय. कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या बघ!"

"मग पुढं?"

पुढे आळीतले चार धीट लोक आले आणि माझ्यासाठी रांग लागली. त्या दुपारी मला वाटलं, सूर्यसुद्धा माझ्या परवानगीशिवाय दिसत नाही.

त्या वेळी पोटात असलेला ज्ञानेश आता चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे. तो जेवायला उशिरा आला की अजूनही सुभद्राबाई म्हणतात, "तुझ्यापायी माझं ग्रहण हुकलं, आता जेवणबी हुकव!"

त्याची मुलगी दिव्या इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करते. परवाच्या एका गुरुवारी, म्हणजे आमच्या एमआयडीसीच्या रविवारी, ज्ञानेश घरी होता आणि दिव्याचंही काम घरूनच चाललं होतं. तिने गॅलरीत लॅपटॉप उघडून जाहीर केलं, "आजी, पुढच्या वर्षी दोन ऑगस्टला इजिप्तमध्ये खग्रास आहे. लक्सर नावाचं गाव. सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकला जाणार! आपण सगळे जायचं."

"इथनं न्हाई का दिसत?"

"इथून थोडंसंच. तेही ऑगस्टात. ढगातून काय दिसणार?"

मग काय विचारता! ज्ञानेश रजेचा हिशेब मांडू लागला. सुभद्राबाई दशम्या किती दिवस टिकतील ते सांगू लागल्या. ज्ञानेशने चिडवलं, "आई, ग्रहणात खायचं नसतं ना?" त्या म्हणाल्या, "सहा मिनिटं उपाशी ऱ्हाईन की! त्यात काय मरतीय?"

मी मनातल्या मनात सामान बांधून तयार. माझ्याशिवाय हे लोक ग्रहण बघणार कसं? तेवढ्यात दिव्याने मला खिळ्यावरून काढलं, काच पुसली आणि दौलतरावांना म्हणाली, "आबा, ही अकरा नंबरची आहे. सूर्याकडे बघायला याहून काळी, चौदा नंबरची लागते. मी ग्रहणाचे खास चष्मे मागवते. आणि सूर्य पूर्ण झाकला की तेवढ्यापुरते तेही काढायचे, नुसत्या डोळ्यांनी बघायचं."

माझा तोरा खाडकन उतरला. म्हणजे त्या दिवशी आळीतले लोक माझ्यामुळे नव्हे, नशिबाने वाचले होते!

पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे दौलतरावांकडे बघत होते. ते म्हणाले, "तुमी जाऊन या. मी न्हाई येत."

मित्रांनो, दौलतरावांना आता कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बघितलं की मध्ये काळा डाग. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघून बुबुळामागचा पडदा जळाला, असं डॉक्टर म्हणाले. ते भरून येणार नाही.

"माझ्या डोळ्यात रोजच खग्रास हाय," दौलतराव हसून म्हणाले. "त्यापायी इजिप्तला कशाला जाऊ?"

सगळे हसले. मग कुणालाच हसू येईना.

"मग मीबी न्हाई जात," सुभद्राबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी घासू लागल्या. ती आधीच घासलेली होती. दिव्याने लॅपटॉप मिटला. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी त्या माउलीचं ग्रहण पुन्हा हुकत होतं.

तो आठवडा भांड्यांच्या आदळआपटीतच गेला. पुढच्या गुरुवारी सूर्य कलला तेव्हा सुभद्राबाईंनी दौलतरावांना गॅलरीलगतच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, स्वतः गॅलरीत आल्या आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"अगं, कोंडलंस का मला?"

"गप बसा आन् ऐका." त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागल्या. "सूर्य त्या टॉवरच्या मागं गेलाय. आभाळ हळदीवानी झालंय. बगळे इंद्रायणीकडं निघाल्यात. एक मागं पडलाय, आळशी दिसतोय मेला."

आतून आवाज आला, "आन् कोंबड्या?"

"कोंबड्या कुठल्या आता! पार्किंगात कुत्री हायत. तीबी झोपल्यात."

"मग पुढं?"

सुभद्राबाईंनी पदराने डोळे टिपले. "पुढचं तिथं गेल्यावर सांगते. तवा तुमी सांगितलंत, मी ऐकलं. आता मी सांगते, तुमी ऐका. अंधार पडंल, गार वारं सुटंल, ते तर तुमाला कळंल का न्हाई?"

आत खुर्ची सरकली. मग दौलतराव म्हणाले, "कडी काढ. आन् दिव्याला म्हणावं, इमानात खिडकीची जागा माझ्या म्हातारीला पायजे."

मला रडता येत नाही म्हणून बरं. नाहीतर काच धुऊन निघाली असती.

आता घरात चष्मे आले आहेत, शेंगदाण्याच्या चटणीवर चर्चा चालू आहे. मला कुणी नेणार नाही, हे मला कळलं आहे. पण काल गंमत झाली. खाली इमारतीचं फाटक दुरुस्त करायला कुलदीप नावाचा वेल्डर आला होता. तो चर्र-चर्र आवाज ऐकताच दौलतरावांचे कान टवकारले. आवाज तुटक-तुटक होता. ते कठड्याशी जाऊन ओरडले, "ए भावा, टॅक मारतोयस ना? तोंडावर काय हाय का?"

"आबा, एवढ्याशासाठी कोण घालतंय?" खालून उत्तर आलं.

दौलतरावांनी चाचपडत मला खिळ्यावरून काढलं आणि दिव्याच्या हातात दिलं. "पळ. आत्ताच्या आत्ता दे त्याला."

मित्रांनो, सूर्याकडे बघायला मी पुरत नाही, हे मला मान्य आहे. पण इवल्याशा टाक्याला मी पुरतं. तुमचे बाबा, काका, मामा कंपनीत किंवा वर्कशॉपमध्ये काम करत असतील तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा. डोळे मोठ्या कामाने जात नाहीत, "एवढ्याशाने" जातात. हेल्मेट बाकावर ठेवू नका.

कुलदीपने कुरकुरत मला डोक्यावर चढवलं. कितीतरी वर्षांनी माझ्या काचेवर लखलखाट झाला. वरून दौलतरावांनी विचारलं, "घातलं का रं?" त्यांना खालचं दिसत नव्हतं. कुलदीपने उत्तर द्यायच्या आत सुभद्राबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून बघत म्हणाल्या, "घातलं बघा. पार हनुवटीपातूर घातलंय."