वस्तादांचा डावा हात

त्सुन वस्तादांना दिसत नाही, हे चीनच्या सरहद्दीवरच्या साऱ्या तेंगचोंगमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. एक स्वतः वस्ताद आणि दुसरी यिन रुइलान. निदान रुइलान तसं समजून चालली होती.

काचबिंदूने त्यांचे डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी जेडच्या बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ब्रह्मदेशातून आलेला दगड कुणीही विकत घेवो, सौदा पक्का होण्याआधी तो त्सुनांच्या दुकानात यायचाच. वस्ताद तो खिडकीपाशी धरायचे आणि 'खरा' किंवा 'धुतलेला' एवढंच म्हणायचे. हलक्या जातीचं जेड ॲसिडमध्ये बुडवून त्यातला मळ काढायचा, मोकळ्या झालेल्या भेगांत राळ भरायची आणि उंची माल म्हणून खपवायचा, त्याला बाजारात धुतलेला माल म्हणतात. पहिली दोन वर्षं तो असा झळाळतो की खरा त्याच्यापुढे फिका वाटावा. मग पिवळा पडायला लागतो.

रुइलान एकोणिसाव्या वर्षी ह्या दुकानात झाडलोट करायला आणि चहा करायला आली. चार-पाच वर्षांनी एकदा चहाचा पेला ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, "हे धुतलेलं आहे." वस्तादांनी गिऱ्हाइकादेखत तिला फाडून खाल्लं. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र स्वतःचं भिंग तिच्या हातात दिलं. पुढे आठ-दहा वर्षं त्यांनी तिला शिकवलं, काही हातचं राखून ठेवलं नाही. अट एकच. "बाहेर बोलायचं नाही. बाईच्या नजरेवर कोण पैसे लावणार?"

डोळे गेले तेव्हा तेच म्हणाले, "माल तू माझ्या हातात द्यायचास. खरा असला तर उजव्या, धुतलेला असला तर डाव्या. पुढचं मी बघतो."

तेव्हापासून रुइलान बघायची आणि वस्ताद बोलायचे. खरेपणाच्या दाखल्यांवर अक्षर तिचं, शिक्का त्यांचा. एवढ्या वर्षांत एकही निकाल चुकला नाही. बाओशानहून तिला चांगलं स्थळ आलं होतं, तिने नाही म्हणून कळवलं. आपण गेलो तर म्हाताऱ्याच्या हातात दगड कोण देणार, हा तिचा घोर. दुकान वस्तादांच्या मुलाच्या, वेइचांगच्या नावावर झालं, त्याचंही तिला काही वाटलं नाही. वेइचांगला हिरवी काच आणि जेड ह्यांतला फरक कळत नसे. पण शब्द वस्तादांचा होता, आणि तो शब्द आपण राखतोय, एवढ्यावर ती खूश होती.

अशात कुनमिंगची एक कंपनी आली. साठ कडी, प्रत्येक कड्याला त्सुन वस्तादांचा दाखला, आणि ती निवृत्त नोकरदारांना गुंतवणूक म्हणून विकायची. बँकेतली ठेव वाढते त्याच्या तिप्पट वेगाने जेड वाढतं, असं कंपनीचे व्यवस्थापक लू सगळ्यांना सांगत.

कडी आदल्या दिवशी दुकानात आली. रुइलानने एक कडं दोऱ्याला टांगून टिचकी मारली. खरं कडं घंटेसारखं वाजतं, आवाज बराच वेळ रेंगाळतो. हे लाकडासारखं वाजलं. दुसरंही तसंच. भिंगाखाली अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा.

"सगळी धुतलेली आहेत," ती वेइचांगला म्हणाली.

"म्हणून तर तुला सांगायला आलोय, ताई. खरी असती तर तुझी मनधरणी कशाला केली असती? उद्या सगळी उजव्या हातात द्यायची."

रुइलान गारच पडली. "उजव्या हातात म्हणजे?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. बाबांनी मला गेल्या वर्षीच सांगितलंय."

तिने मनाशी ठरवून टाकलं. पोरगं बापाच्या आंधळेपणाचा फायदा घेतंय, बापाला ह्यातलं काही माहीत नसणार. आपण डाव्या हातात द्यायचं. म्हातारा भर बैठकीत त्याची खोड मोडेल. ह्या विचाराने तिला चांगली झोपसुद्धा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लू साहेब आले. सोबत गुंतवणूकदारांच्या वतीने ताओ बाई, कुनमिंगच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या बेचाळीस सहकाऱ्यांनी त्यांच्या भरवशावर पैसे भरायचं कबूल केलं होतं. बाई हात जोडून, अवघडून बसल्या होत्या.

रुइलानने पहिलं कडं उचललं आणि वस्तादांच्या डाव्या हातात ठेवलं.

वस्तादांची बोटं मिटली. कडं दोनदा फिरलं.

"खरं," ते म्हणाले.

त्यांचा गोंधळ झाला असेल, असं तिला वाटलं. दुसरं कडं तिने डाव्या तळव्यात चांगलं दाबून दिलं.

"खरं."

तिसऱ्या वेळी वस्तादांनी डावा हात बाहीत ओढून घेतला आणि उजवा पुढे केला.

तेव्हा तिला कळलं. म्हाताराही मुलाला सामील होता. तिने कडं मेजावर ठेवलं. "ही कडी धुतलेली आहेत. साठच्या साठ."

लू साहेबांनी भुवया उंचावल्या. "ह्या कोण?"

"चहा करते," वस्ताद म्हणाले.

"वस्तादांना दिसत नाही!" रुइलानचा आवाज चिरकला. "नऊ वर्षं झाली. माल मी बघते. बाई, मी सांगते ते ऐका, पैसे भरू नका."

वस्ताद हसले. ताओ बाई जिथे बसल्या होत्या तिकडे त्यांनी सावकाश तोंड वळवलं. "बाई, हा निळा कोट तुम्हाला शोभून दिसतो हं."

वेइचांग खिडकीबाहेर बघत होता. बाई अंगणातून येत असतानाच त्याने बापाच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, ते रुइलानला आत्ता आठवलं.

ताओ बाईंचा चेहरा आधी खुलला, मग कडक झाला. "तीस वर्षं मुलं शिकवली मी," त्या रुइलानला म्हणाल्या. "गुरूबद्दल, तेही त्यांच्यासमोर, असं बोलताना तुम्हाला लाज नाही वाटत?"

उरलेली अठ्ठावन्न कडी वेइचांगने बापाच्या उजव्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी रुइलान आपलं सामान न्यायला गेली, तेव्हा वस्ताद अंगणात एकटेच बसले होते. तिची पावलं त्यांनी ओळखली.

"चारचौघांत मला आंधळा म्हणालीस."

"तुम्ही आहातच."

"आहे. पण उद्या मुलगा म्हणून माझ्या शवपेटीपुढे चालणार तो. तू नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "चिडू नकोस. तुझ्यासारखी नजर मी पाहिली नाही."

एवढ्या वर्षांत त्यांनी तिची केलेली ही पहिली स्तुती. ती तशीच बाहेर पडली. मण्यांना भोकं पाडायच्या एका कारखान्यात तिला काम मिळालं.

दोन वर्षांनी कडी पिवळी पडली. कुनमिंगमधल्या कंपनीच्या दाराला कुलूप होतं, म्हणून माणसं तेंगचोंगला आली. दुकानापुढे पन्नास-साठ जण जमले तेव्हा वेइचांग पायरीवर उभा राहून ढसाढसा रडला.

"माझ्या बाबांना अकरा वर्षं दिसत नाही हो! आम्ही रुइलानताईवर विसंबलो. सगळा माल तीच बघायची. हे बघा, दाखल्यांवर अक्षर कुणाचं आहे!"

त्याने जुने दाखले पुढे केले. अक्षर तिचंच होतं. नेमक्या त्या साठ दाखल्यांवरचं अक्षर कुणाचं, हे बघायचं कुणाला सुचलं नाही. तिने ओरडून सांगितलं तेव्हा ज्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तेच वाक्य आता एका क्षणात सगळ्यांना पटलं. वस्ताद आत खुर्चीत खाली मान घालून बसले होते. बिचाऱ्या म्हाताऱ्याला फसवलं म्हणून लोक हळहळले. कुणी त्यांना संत्री आणून दिली.

रुइलानला तीन दिवस चौकशीला बसवलं. हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं, पण कारखान्याने काढून टाकलं. नऊ वर्षांत तिच्या निकालावर खरा माल घेतलेले लोकही भाव अर्ध्यावर आला म्हणून तिला शिव्या घालू लागले. तो माल खराच होता.

आता ती गावाबाहेर गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी बसते. गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेली अंडी वाफेवर उकडून विकते. एका दुपारी ताओ बाई तिथे आल्या. ओळख द्यावी की नाही अशा घुटमळल्या, मग बाकड्यावर बसल्या.

"तुम्ही मला सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या.

रुइलान अंडी उलटत राहिली.

"चौकशीत मी सांगितलं, आम्हाला कुणी सावध केलं नाही म्हणून. खरं सांगितलं असतं तर बेचाळीस जणांनी मलाच विचारलं असतं ना, बाई, मग तुम्ही गप्प का बसलात?" त्यांनी डोळे पुसले. "माझं वय झालंय. शेजारीपाजारी तीच माणसं आहेत. मला तिथेच राहायचंय."

"मलाही इथेच राहायचंय," रुइलान म्हणाली.

ताओ बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि पिशवीतून रुमालात बांधलेली अंगठी काढली. "माझ्या आईची आहे. एवढीच उरलीय. ही तरी खरी आहे का, जरा बघता?"

रुइलानने हात पुसले. अंगठी उन्हात धरली, फिरवली, नखाने वाजवून कानाशी नेली. जुन्या खाणीचा, मऊ पाण्याचा, निर्मळ दगड. असा तिने वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता.

"खरी आहे," ती म्हणाली.

"नक्की?" बाई क्षणभर अडखळल्या. "म्हणजे, राग मानू नका. कुनमिंगला आता मशीनवर तपासून देतात. तिथे एकदा दाखवूनच घेते."

"घ्या दाखवून," रुइलान म्हणाली, आणि अंडी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.