गौरवग्रंथात न बसणारं पत्र

कसबा बावड्यातल्या विजयसिंह इनामदारांच्या बंगल्यात स्नेहल तीन महिने रोज सकाळी येऊन मोडीतले जुने कागद वाचत होती. विजयसिंहांचे खापरपणजोबा आबासाहेब यांचा गौरवग्रंथ निघायचा होता. ‘माणसाने माणूस विकणे हे पाप’ हे त्यांच्या भाषणातलं वाक्य चौकातल्या पुतळ्याखाली कोरलेलं. गुलामगिरीविरुद्ध लढलेला इनामदार म्हणून शाळेतली पोरं दरवर्षी त्यांच्यावर भाषणं ठोकतात. पुतळ्याचं हे बरं असतं, त्याला कुणी कागद दाखवत नाही.

आज स्नेहलच्या हाती आबासाहेबांच्या स्वतःच्या अक्षरातलं पत्र लागलं. त्या भाषणानंतर दोनच वर्षांनी कारभाऱ्याला लिहिलेलं. एकेक ओळ लागत गेली तसं तिचं डोकं तापत गेलं.

“दादा, ऐका.” ती मोठ्यानं वाचू लागली. “‘चंपी कुणबीण पळाली. शोध करोन धरून आणावी. न सापडल्यास दुसरी विकत घ्यावी व तिजला चंपीच म्हणावे. नव्या नावाची कटकट घरात नको.’”

कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी, हे विजयसिंहांना सांगावं लागलं नाही.

“हे ग्रंथात न्हाई यायचं,” ते म्हणाले.

“भाषण येणार आणि पत्र नाही?”

“तवा समद्यांच्याच घरात असायच्या की. घरच्यावानी ऱ्हायच्या. एवढ्या मोठ्या मानसाला काळं कशाला फासताय?”

“मी कुठं फासतेय? त्यांनीच लिहिलंय!”

“तुमास्नी मोडी वाचाय बोलीवलंय, न्याय कराय न्हाई.”

स्नेहलला सगळे कागद टेबलावर आपटावेसे वाटले. “पत्र वगळणार असाल तर ग्रंथात माझं नावही घालू नका,” ती म्हणाली.

दारात चहाचा ट्रे घेऊन मोलकरीण उभी होती. चंदगडहून सोळाव्या वर्षी आलेली, आता चाळिशी ओलांडलेली. या घरात कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला पिढ्यान्‌पिढ्या चंपाच म्हणत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. तीन महिने स्नेहलही तिला चंपामावशीच म्हणत होती. ते आठवून तिची मान खाली गेली.

“चंपा, च्या ठेव आन जा,” विजयसिंह म्हणाले.

ती हलली नाही.

“चंपा! ऐकू येत न्हाई व्हय?”

“चंपी पळाली न्हवं का, दादा?” ती म्हणाली. “आत्ताच वाचलं की ताईंनी. माझं नाव शालू हाय. हाक मारायची तर त्या नावानं मारा, न्हाईतर मी बी निघाले.”

ट्रे टेबलावर ठेवून ती आत गेली.

कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला. लुगडी पिशवीत भरली जात होती. विजयसिंहांनी हाक मारायला दोनदा तोंड उघडलं. पंचवीस वर्षं त्यांच्या घरात राबलेल्या बाईचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना.