माध्यान्हीला आलेला बयाजी

वैशाखाचं माध्यान्ह. सूर्य थेट डोईवर, सोन्याच्या खिळ्यासारखा ठोकलेला. सावित्री नदीचं पात्र अस्थिशुभ्र, डोंगर ताम्रवर्ण, वारा मुका. झाडांच्या सावल्या झाडांच्याच पायांत मुडपून बसलेल्या. त्या निःशब्द, निश्चल, निष्ठुर उजेडातून करंजघर गावच्या चढणीवर एक माणूस चालत आला.

धुळीत त्याची पावलं उमटली, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांनी दाराला कडी लावली. ठशांना बोटं नव्हती. पुढची बाजू टाचेसारखी गोल, खोल. बघणाऱ्याला वाटावं, टाच पुढं, पाऊल मागं. उलट्या पावलांचा!

आणि त्याला सावली नव्हती.

त्या घटकेला सावली कुणालाच नव्हती. कुत्र्याला नव्हती, देवळाच्या कळसाला नव्हती. पण भ्यालेलं गाव स्वतःच्या पायांकडं कशाला बघतंय!

तो बयाजी सकपाळ, मराठा पलटणीचा शिपाई, पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढायला गेलेला. बसऱ्यापलीकडं, नदीच्या वळणावर, पाच महिने वेढ्यात उपाशी राहिलेला. मग तुर्कांचा कैदी होऊन चाललेला. वाळू पुढं, वाळू मागं, वाळू पापणीत. ज्वालामुखी दिवस, हिमदंती रात्री. त्या रात्रींनीच त्याच्या पायांची बोटं खाल्ली. चालता चालता माणसं गळत, आवाज न करता गळत. बयाजीही पडला. तो पडलेला पाहणारा, दुसऱ्या गावचा जखमी जोडीदार सुटून परतला, आणि त्यानं करंजघरला सांगावा धाडला. तो उठलेला पाहणारं कुणीच परतलं नाही.

म्हणून गावानं रीत केली. प्रेत नव्हतं, तेव्हा तीनशे साठ पळसपानांचा बयाजी बांधला, नदीकाठी जाळला, आणि त्याच्या बायकोच्या, ठकीच्या, बांगड्या फोडल्या. त्याला दोन वर्षं झाली. आता तो जाळलेला, तृषादग्ध माणूस अंगणाच्या कडेला उभा होता.

"आये, पानी."

त्याची आई साळूबाय उंबऱ्यात उभी. उंच, वाळकी, ताठ. मागं ठकी, उघड्या कपाळाची. मध्ये भरला तांब्या, आणि हात कुणाचाच पुढं होईना. भुताला घरचं पाणी दिलं तर ते घर सोडत नाही. आणि लेकाला नाही दिलं तर?

"तितंच ऱ्हा," साळूबाय म्हणाली. "जाळलाय आमी तुला."

"जाळायच्या आदी मला इचारायचं तरी, आये."

ठकीच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, देव जाणे. साळूबाय हसली नाही. "जीभ तीच हाय मेल्याची. पन जीभ भुतालाबी असती. सावली दाव."

मग तिघं थांबली. आकाश तापलेल्या तव्यासारखं स्तब्ध. सूर्य तसूतसूनं कलला, आणि त्या बोथट पावलांपाशी एक काळी रेघ उगवली. केसाएवढी. बोटाएवढी. मग वीतभर, कोवळी, थरथरती.

"आत्याबाई, आली!" ठकी ओरडली. "घ्या त्यांना आत!"

"दारातनं न्हाय. मेलेल्याला दार नसतं गं. त्याला जलमावं लागतं."

साळूबाय अंगणात बसली, तप्त मातीत, पाय पसरून. नऊवारीचा घोळ उघडून तिनं त्या दाढीवाल्या, अस्थिपंजर शिपायाला पोटाशी ओढलं. गुडघे हनुवटीला लावून तो लुगड्याच्या अंधारात शिरला, आणि पलीकडून डोकं आधी काढत बाहेर आला. ठकीनं तांब्या त्याच्या अंगावर ओतला.

"आता रड," साळूबाय म्हणाली.

तो रडेना. त्या वाळूत रडणं त्याला परवडलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणीही जपायचं होतं.

"रड रं! जलमलेलं पोर रडलं न्हाय तर पुन्ना मेलं." सुईण मारते तसा तिनं पाठीत दणका दिला. एक. दोन. तीन.

तेव्हा तो रडला.

कंठ एकच होता, रडणं एकाचं नव्हतं. त्यात म्हातारं रडत होतं, मिसरूड न फुटलेलं रडत होतं, आणि वाळूखालून यावं तसं काही घोगरं, दूरचं, अनंत. करंजघरच्या दहा घरांतून दहाजण पलटणीत गेले होते, आणि परतला होता हा एक. कड्या लावलेल्या नऊ घरांनी ते रडणं ऐकलं. ऐकून ओळखलं.

कड्या निघाल्या. उघड्या कपाळांच्या बायका उन्हात आल्या, अनवाणी, आंधळ्यासारख्या, आवाजाच्या रोखानं; आणि एकेकीनं आपापल्या मेलेल्याला नावानं हाक मारली.

त्या एकाच कंठातून ओ आली.

प्रत्येकीला आली.