उजव्या नाकातली नथ

मित्रांनो, मी एक जुना चित्रग्रंथ आहे. तीनशे वर्षं झाली, पण एका जागी मला कधी चैन पडलं नाही. कसं पडणार? मी भटक्याच्या पोटी जन्मलो. एक परदेशी उमराव गलबतातून कोकण किनारा हिंडला. त्याच्या चिताऱ्यानं दिसेल ते काढलं, मायदेशी ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलं गेलं, आणि त्यांच्या ठशांतून मी झालो.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. रोह्याचा रद्दीवाला माझी पानं पुड्यांसाठी फाडणार, तोच कमळाकर गुरुजींनी मला उचललं आणि पेणच्या खाडीकाठी आपल्या शाळेत आणलं. माझी अक्षरं त्यांना लागेनात. चित्रं मात्र लागली.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या त्या गावच्या खारबांधाची उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायचं दार, दरवर्षी चिखलात खचायची. मग उधाणाचं खारं पाणी शेतात शिरायचं. पूर्वीची उघाडी दगडी पायावर होती म्हणे, पण कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती नेमकी माझ्या एका पानावर होती! गोल खडक, त्याच्या डावीकडे उघाडी, आणि पुढे मिठाची टोपली घेतलेली बाई.

तो खडक बांधाशी अजून होता. काळुराम शेतकऱ्यानं माणसं जमवून त्याच्या डावीकडे चार दिवस खणलं. नुसता चिखल. अमावस्येचं उधाण दोन दिवसांवर आलेलं. मी आतल्या आत तडफडत होतो. पत्र्यावर सरळ कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

"गुरुजी, ह्ये पुस्तक खोटं हाय," काळुराम म्हणाला. "देतो खाडीत टाकून."

तो मला घेऊन बांधावर चढलासुद्धा. तिथे त्याची आई इंदुबाई बसली होती. तिचा जन्म मिठागरात गेलेला. "आण रं, मला बघू तरी," म्हणत तिनं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "काळू, हिची नथ उजव्या नाकात हाय. आपल्यात कोण घालते अशी? चित्रच उलटं हाय, बाबा."

गुरुजींनी पान उन्हात धरून मागून पाहिलं. नथ डाव्या नाकात आली आणि उघाडी खडकाच्या उजवीकडे.

दिवस मावळायच्या आत पहार दगडावर वाजली. मग त्या जुन्या पायावर नवं दार बसवायला दोन दिवस अख्खं गाव तिथे खपलं. अमावस्येला पाणी नव्या दाराशी आलं आणि बाहेरच राहिलं.

"आये, मी ह्याला बुडवणार व्हतो," काळुराम मला धोतराला पुसत म्हणाला. त्याच्या बोटांचा चिखल अजून माझ्या पानावर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं न समजणारं पुस्तक असेल. ते रद्दीत द्यायच्या आधी घरातल्या एखाद्या इंदुबाईच्या हाती द्या. तिला वाचता येत नसलं तरी द्या.