पंजाबरावांचा पितळी बोल्ट

पंजाबराव गिऱ्हेपुंजे यांची मोटरसायकल चालू करायला दोन माणसं लागत. एक वर बसायला, ते स्वतः पंजाबराव. दुसरं मागून ढकलायला, ती त्यांची बायको सत्यभामा.

गाडी लढाईत नोकरी करून आलेली. कामठीला जुन्या फौजी सामानाचा लिलाव झाला, त्यात पंजाबरावांनी ती उचलली आणि भिलाईला आणली. भिलाईत तेव्हा पोलादाची भट्टी नवी, रस्ते नवे, सेक्टर सहामधले क्वार्टर तर इतके नवे की भिंतीला पाठ टेकली तर सदऱ्याला चुना लागायचा. जुनं म्हणावं असं काहीच नव्हतं. ती कमी पंजाबरावांनी भरून काढली.

इंजिन चांगलं होतं. दुखणं बॅटरीचं. ठिणगी बॅटरीतून यायची आणि बॅटरी एका झोपेत रिकामी व्हायची. मग किक मारून पाय दुखायचा, बाकी काही व्हायचं नाही. ढकलून वेग आला म्हणजे डायनामो फिरायचा, चार थेंब वीज निघायची आणि गाडी खोकत खोकत चालू व्हायची. अशी दुसरी बॅटरी दुर्गच्या बाजारात नव्हती. नागपूरच्या दुकानदाराने "येऊन राहिली" असं सांगितलं होतं, आणि आठ महिने ती येऊनच राहिली होती.

त्यामुळे रोज सकाळी, लुगड्याचा पदर खोचून, सत्यभामा अख्ख्या ओळीदेखत नवऱ्याला ढकलत ड्युटीवर पाठवायची. सायकलवरून जाणारे लोक म्हणायचे, "वहिनी, आज लवकर सुटली." गाडी म्हणायचे की पंजाबराव, ते कळायचं नाही.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी सत्यभामाने निकाल लावला.

"अजी, दसऱ्याले बाबूजी येऊन राहिले, पॅसेंजरनं. त्यायले आणाले आपन दोघं तुमच्या ह्याच गाडीवर दुर्गले जाऊ. घरून निघून घरी येईपर्यंत मले एक बार बी ढकला लागली नाई, त ठेवा तुमची गाडी. एक बार ढकला लागली, त जामुलच्या चंपतभाऊले देऊन टाकाची."

"चंपत काय करन तिचं?"

"इंजिन काढून आट्याची चक्की लावतो म्हने."

लढाई पाहिलेली गाडी, आणि म्हातारपणी जामुलला गहू दळणार. त्या दिवशी जेवताना पंजाबरावांनी पोळीकडे पाहिलं की त्यांना चंपत दिसायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. गाडी बंद पडली तर कुठल्याही ट्रकच्या बॅटरीतून दोन तारांनी करंट घेता आला असता. अडचण एवढीच की गाडीची बॅटरी सीटखाली, तिथे पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीला दोन नट. त्यातला एक लढाई संपल्यापासून हलला नव्हता. तो खोलेपर्यंत ट्रकवाला थांबला तर तो ट्रकवाला नव्हे, संत.

तेव्हा त्यांनी एकदाच जीव खाऊन पेटी खोलली. बॅटरीपासून एक जाड तार काढून टाकीखालून पुढे आणली, आणि हँडलजवळ, फुटक्या रेडिओच्या बटणाची चकती मध्ये घालून, एक पितळी बोल्ट बसवला. आता सीट उघडायचं काम नाही. एक तार बोल्टाला लावा, दुसरी गाडीच्या अंगाला, मारा किक. ट्रकच्या बॅटरीला सहा घरं, म्हणजे सेल, गाडीच्या बॅटरीला तीन. म्हणून पंजाबराव ट्रकचीही तीनच घरं घ्यायचे, दुसऱ्याच्या ताटातली अर्धी पोळी मोडून घ्यावी तशी. बोल्टाला चुकून लोखंड लागू नये म्हणून त्यावर दुर्गाच्या, म्हणजे त्यांच्या तान्ह्या पोरीच्या, दुधाच्या बाटलीचं निप्पल चढवलं. ते इतकं बरोबर बसलं की पंजाबराव घटकाभर पाहतच राहिले.

मग सुरू झालं मागणं. दुधाची गाडी, वाळूचा ट्रक, शाळेची बस, जे दिसेल त्याच्यापुढे पंजाबराव दोन तारा घेऊन उभे. आठवड्याभरात ड्रायव्हर लोक सेक्टर सहाला वळसा घालून जाऊ लागले.

"शेजारच्या बाया विरजन मागाले येतेत," सत्यभामा म्हणाली. "तुमी करंट मागाले जा. तेवढंच राह्यलं होतं."

"विरजनासारखंच हाय ते. देनाऱ्याचं काई कमी होत नाई."

"होत नाई त ते पळून कावून राहिले?"

दसऱ्याच्या सकाळी पंजाबरावांनी शेजारच्या ट्रकवाल्याला अंघोळीच्या आधीच गाठलं. गाडी पहिल्या किकेला लागली. आता घरी परत येईपर्यंत ती बंद करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे पूजाही चालू गाडीचीच झाली. गाडी थडथडत होती आणि सत्यभामा तिच्या मागे मागे हात नेत हळदीकुंकू लावत होती. टाकीला बोट लावलं तर कुंकू चाकाला लागायचं.

हँडलजवळ तिला ते निप्पल दिसलं.

"सनाच्या दिवशी हे काय लावून ठेवलं देवाच्या तोंडात," असं म्हणून तिने ते काढून टाकलं. खाली पितळी बोल्ट चकचकत होता. कुंकू लावायला अख्ख्या गाडीत एवढी चांगली जागा दुसरी नव्हती. बोल्टाला तिने कपाळाला लावावं तसं कुंकू लावलं आणि वरून झेंडूचा हार घातला. हार तिनेच केलेला. आणि भिलाईत तेव्हा हार दोऱ्यात कोणी ओवत नव्हतं. सळ्या बांधायची तार ढिगाने मिळायची. अर्धं गाव सिमेंटवर उभं होतं आणि अर्धं त्या तारेवर. खाट तुटली, तार. छत्री उलटली, तार. हारही तारेतच. झटका बसला तरी फूल गळायचं नाही, ही त्यातली खुबी.

पंजाबराव तेव्हा आत नवीन धोतराचा काष्टा घालत होते.

दुर्गाला शेजारच्या सिंधुताईंकडे ठेवून दोघं निघाले. दुर्गला पोचेपर्यंत गाडीने एकदाही मान टाकली नाही. स्टेशनाबाहेर कळलं की पॅसेंजर एक तास लेट. मग एक तास गाडी तिथेच उभी राहून धडधडत राहिली. टांगेवाला येऊन सांगून गेला की घोडा बिचकून राहिला. चहावाला म्हणाला की गिऱ्हाइकाची ऑर्डर ऐकू येत नाही. पंजाबराव सगळ्यांना "बस, पाच मिनट" म्हणत होते. आणि थडथडीने हार बोट बोट खाली सरकत होता.

सत्यभामाचे वडील दौलतराव उतरले. तीस वर्षं मालगाडीचे गार्ड, नुकतेच रिटायर. खांद्याला पिशवी, कोटाच्या खिशात वही. गाडी कुठे किती मिनिटं आणि का अडकली हे लिहायची सवय नोकरी गेली तरी गेली नव्हती.

"अशी चालूच ठेवता का, जवाईबापू?"

"तुमच्या स्वागताले, मामाजी."

दौलतराव खूष झाले आणि त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. पिशवीने हार दाबला. हाराची तार एकीकडून बोल्टाला टेकली, दुसरीकडून हँडलला. फट् असा आवाज झाला आणि बॅटरीत होती नव्हती ती वीज गेली. झेंडूतून धूर निघाला, भाजी करपल्याचा वास सुटला आणि एका तासात पहिल्यांदा दुर्ग स्टेशनाबाहेर शांतता झाली. टांग्याच्या घोड्याने मान वर केली.

दौलतरावांनी पिशवी काढली, वही काढली.

"दहा वाजून बावीस मिनट. कारन?"

"हार," पंजाबराव म्हणाले.

"हार कोनाचा?"

जळका हार सत्यभामाने पदराने धरून काढला आणि पाठीमागे लपवला, जणू तो कोणी पाहिलाच नव्हता.

पंजाबराव तारा घेऊन पळाले. स्टेशनाबाहेर एकच ट्रक उभा होता, झेंडूने मढवलेला, आणि पायरीवर गोंदियाचा केवलराम पान लावत होता.

"नाई जमत, भाऊ," केवलराम म्हणाला.

"दोन मिनटाचं काम हाय."

"मिनटाची गोठ नाई. आताच पूजा झाली. पूजा झाल्यावर गाडीतलं काई बाहेर देत नसतेत. लक्ष्मी जाते."

"करंट हाय तो. लक्ष्मी कुठची?"

"तुमच्या घरी सनाच्या दिवशी विरजन देते का तुमची बाई?"

पंजाबरावांनी मागे पाहिलं. सत्यभामा पंचमीला, पोळ्याला, साध्या शुक्रवारीसुद्धा कोणाला विरजण देत नसे. पंजाबराव तारा गुंडाळत परत आले.

"घे," ते सत्यभामाला म्हणाले. "लाव हात. चंपतले आजच निरोप धाडतो."

सत्यभामाने पदर खोचला, मागे जाऊन गाडीला हात लावला. एक धक्का दिला की काम होतं. पंधरा दिवस ती ह्याच धक्क्याची वाट पाहत होती. पंजाबराव मान खाली घालून बसले. त्यांच्या टाळूवर सकाळचं तेल चमकत होतं.

"ढकलनार कोन?" दौलतरावांनी विचारलं. "नाव लिवा लागते. अन् कारनाच्या खाली हार कोनाचा, थेही."

सत्यभामाने हात काढून घेतले.

"बाबूजी, सोनं आनलं का तुमी?"

दौलतरावांनी पिशवीतून आपट्याच्या पानांची पुरचुंडी काढली. सत्यभामा ती घेऊन तरातरा ट्रककडे गेली आणि केवलरामच्या हातात दोन पानं ठेवली.

"घ्या भाऊ, सोनं घ्या."

केवलरामने सवयीने पानं कपाळाला लावली. मग त्याच्या लक्षात आलं. पण सोनं घेऊन झालं होतं.

"मी बहीन लागली तुमची," सत्यभामा म्हणाली. "बहिनीनं सोनं देल्लं. आता रिकाम्या हातानं धाडता का मले?"

"ताई, पानं नाई माह्यापाशी."

"पानं कोन मागून राहिलं? जे असन ते द्या."

केवलरामने हातातल्या आपट्याच्या पानांकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. पंजाबराव तारा घेऊन आधीच गाडी ढकलत ट्रकपाशी येत होते. एकट्याने. "तीनच घरं," ते केवलरामला समजावत होते, "सहातले तीन तुमच्यापाशीच राहते. अख्खी लक्ष्मी जात नाई. अर्धी बी जात नाई."

"घेऊन टाका," केवलराम म्हणाला. "पन माह्या बायकोले सांगू नोका."

पहिल्या किकेला गाडी लागली. घोडा बिचकला.

बसताना थोडा घोळ झाला. दौलतराव मधे बसायला तयार नव्हते. तीस वर्षं गार्ड गाडीच्या शेवटी बसतो, म्हणाले, मधे बसतो तो माल. तेव्हा सत्यभामा मधे बसली. मागून दौलतरावांनी "चला" म्हटल्याशिवाय पंजाबरावांना निघता येईना.

"बाबूजी," सत्यभामा म्हणाली, "थे वहीतलं खोडा."

"खोडता येत नाई. कारन लिवलेलं असते."

"मंग कारनात 'सन' लिवा."

दौलतरावांनी विचार केला आणि तसं लिहिलं.

दुर्ग मागे पडलं. सेक्टर सहाच्या वळणावर पंजाबरावांना राहवलं नाही. मान न वळवता ते म्हणाले, "मंग? ढकलली त नाई तू."

"नाई ढकलली."

"मंग राह्यली ना गाडी?"

"राहू द्या." मग आवाज चढवून, बाबूजींनाही ऐकू जाईल असं ती म्हणाली, "पन सांगून ठेवतो. उद्यापासून कोनीबी मागाले येवो, सनाच्या दिवशी आपल्या गाडीतून कोनाले करंट द्याचा नाई."

पंजाबराव म्हणाले, "नाई देनार," आणि क्वार्टरसमोर गाडी थांबवली, पण बंद केली नाही.