कलाबाईच्या भिंतीतले आप्पा

कलाबाई सकाळपासून भिंतीच्या भेगा लिंपत होती आणि लिंपता लिंपता नवऱ्याचा उद्धार करत होती. एका भेगेत शेणमातीचा गोळा दाबावा, तर शेजारी दुसरी तोंड उघडायची.

चूक अंबाजीची होती. निजाम सरकारची धान्याची सक्तीची लेव्ही चुकवायला आमच्या मंठाळ गावात कुणी ज्वारी उकिरड्यात पुरली, कुणी कडब्याच्या गंजीत लपवली. अंबाजीनं डोकं चालवलं. त्याच्या जुन्या घराच्या भिंतीला दोन्ही अंगांनी विटा आणि मधे मातीचा भराव. त्यानं भराव उपसला आणि माळवदावरून वर्षाची ज्वारी आत ओतली. मागून पावसाचं पाणीही त्याच वाटेनं गेलं. भिजली ज्वारी फुगते हे अंबाजीला ठाऊक होतं. भिंतीला नव्हतं.

"नुसतं बघायलास कामून? पाठ लावून बस. ज्वारी गेली तर वरीसभर विटा खाशील का?"

अंबाजी बसला. मी शेजारचा, भाकरीला विस्तव मागायला गेलेलो; मलाही बसवलं.

तेवढ्यात लेव्ही वसूल करणारा सरकारी गिरदावर आला, संगं पहार घेतलेला चपराशी. त्यानं पेव धुंडाळलं, कणग्या ठोकल्या, चुलीतली राखसुद्धा उकरली. काही निघालं नाही म्हणून आमच्यासमोर बाजेवर टेकला. माझ्या पाठीमागं एक वीट सरकली. कट्ट.

गिरदावरानं मान वर केली. आपला बाप गवंडी होता, हे त्यानं आपणहून सांगितलं. त्यानं आम्हाला उठवलं, भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाला की हिचं पोट सुटलंय, आज ना उद्या लेकरंबाळं गाडली जातील, आत्ताच पाडून घ्या. माणूस मोठा दयाळू. चपराशानं पहार उचलली. अंबाजीचा रंग भिंतीपेक्षा मातकट झाला.

कलाबाई आडवी आली. "साहेब, तितं न्हाई मारायचं. भितीत आप्पा हायेत."

"कोण आप्पा?"

"माझ्या सासऱ्याच्या आज्याचे गुरू. जिती समाध हाय. त्ये स्वास घेत्यात, म्हनून भित फुगायली."

या आप्पांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. अंबाजीनंही नसावं, कारण त्याचा जबडा लोंबत होता. चपराशी हसला. तो हसत असतानाच भिंत पुन्हा वाजली, ओला गिलावा गळाला आणि भेगेतून ज्वारीचे चार दाणे गिरदावराच्या बुटावर पडले.

एक कोंबडी दाण्यांकडं निघाली. कलाबाईनं तिला पायानं सारलं, दाणे उचलून डोळ्यांना लावले आणि गिरदावराच्या तळहातावर ठेवले.

"परसाद हाय. समद्यांला मिळत न्हाई."

गिरदावर हातातल्या पुराव्याकडं बराच वेळ बघत राहिला. त्याच्या घरी दहा वर्षं पाळणा हलला नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं. मग त्यानं बूट काढले आणि पुरावा गिळला.

जाताना त्यानं हुकूम दिला की भिंतीला कुणी हात लावायचा नाही, आणि चपराशाला रात्रंदिवसाच्या पहाऱ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला, तिसऱ्या दिवशी तिची बहीण, मग आमच्या जवळच्या कल्याणाकडची माणसं. जो तो भेगेत बोटं घालायचा, चिमूटभर दाणे काढून पदरात नाहीतर रुमालात बांधायचा. भिंतीचं पोट रोज थोडं थोडं आत जायला लागलं.

गुरुवारी रांग वेशीपर्यंत गेली. कलाबाई सतरावी होती. तिच्या हातात सूप होतं.

"अक्का," चपराशी म्हणाला, "परसाद चिमटीनं घेत्यात."